पोचल्याचा फोन

तुमी अंतराळातल्या सहलीचं काढलं म्हणून आमच्या मुडबी गावातलं एक आठवलं. कोण एक परदेशी शेठ कोट्यवधी रुपये मोजून आभाळाच्या पार फिरायला गेलता, त्याची बातमी पेपरात आलती. मी शेजारच्या गंगाक्काच्या ओट्यावर बसून तिला ती वाचून दाखवायलतो.

अक्कानं विचारलं, "वर कुटं जाऊन पोचला त्यो?"

"पोचत न्हाई अक्का, नुसता फिरून खाली येतो. पुढं म्हणे स्वस्त व्हणार हाय, आपल्यालाबी जाता येईल."

"पोचतच न्हाई? मग त्याच्या बायकोनं अंगण कवा झाडायचं?"

मला हसू आलं. घरातलं माणूस परगावी निघालं की ते पोचल्याचं कळेस्तोवर आमच्याकडं अंगण झाडत न्हाईत. त्या शेठाच्या बायकोला हे कोण सांगणार?

म्हणलं, "त्यो आठवड्यात घरी आलाबी, अक्का."

"आला व्हय," अक्का म्हणली. "सुटली बाई ती."

मी ओट्यावरून उतरलो, तर पाय घोट्यापर्यंत लिंबाच्या पाचोळ्यात बुडाला. तिचा लेक मल्लू दिवाळीत दुबईला कामाला गेलता. पोचल्याचा फोन अजून आला नव्हता.