चोवीसांतलं एक चित्र

...आणि वर मलाच म्हणतात, "आजी, तेवढ्यात तुमचा डोळा लागला असेल." डोळा लागला असेल! तुम्हाला सांगते, जिने आरशासमोर घड्याळ मांडून, पापणी न मिटता किती वेळ बसता येतं याचा आठ दिवस सराव केला आणि एकतीस सेकंदांपर्यंत मजल मारली, त्या बाईने हे ऐकून घ्यायचं, आणि तेही कोणाकडून, तर शेजारच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच मिनिटाला घोरू लागलेल्या गृहस्थांकडून. मी पापणी मिटली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढं डोळे ताणून पाहण्यासारखं होतं तरी काय? तर एक कार्टून. हसा, हसा. सात मिनिटांचं कार्टून, बावन्न वर्षांपूर्वीचं, आणि त्यातले निम्मे रंग माझ्या हातचे. एका इवल्याशा ग्रहावर एक रखवालदार राहतो. एकटाच. एक टेबल, दोन खुर्च्या, एक किटली, आणि कप मात्र एकच, तोही पाहुण्यासाठी राखलेला. लांबून यान येताना दिसलं की हा भांग पाडतो, खुर्ची झटकतो, चहा ओततो, आणि यान अशा काही वेगाने शेजारून निघून जातं की अख्खा ग्रह भोवऱ्यासारखा गरगरतो. थांबतो तेव्हा रखवालदाराचे पाय वर, कप डोक्यावर आणि यान दिसेनासं झालेलं. असं सात वेळा. लोक पोट धरून हसतात. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते रंगवतानाही कळलं नव्हतं, पण तो माझा प्रांत नव्हे. मला दिलेला प्रांत होता रेघेच्या आत रंग ठेवण्याचा, आणि तो मी चोख सांभाळला.

आमचं काम असं की सेल्युलॉइडचे पारदर्शक ताव घ्यायचे, हातांत पांढरे सुती मोजे घालायचे, एका बाजूने शाईची रेघ मारायची, दुसऱ्या बाजूने रंग भरायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला असे चोवीस ताव. रखवालदाराच्या कोटाची तिसरी गुंडी एखाद्या मुलीकडून राहिली, तर मी ताव परत पाठवत असे. त्या मला मागून 'भिंग' म्हणत. पुढूनही म्हणायला हरकत नव्हती, मला ते नाव आवडायचं.

अशा या भिंगाच्या हातून... आता काय सांगू. दुपारी चारला आमचे कॅमेरावाले माझ्या टेबलाशी चहाला येत. येत म्हणजे काय, उभ्याउभ्या घोटभर घ्यायचे आणि परत त्या अंधाऱ्या खोलीत. त्या दिवशी ते आलेच नाहीत. मी दोन कप भरून ठेवलेले, दोन्ही निवत होते, माझं लक्ष दाराकडे, आणि हात आपला रेघ मारतोय. चौथ्या यानाच्या वेळचा ताव. संध्याकाळी ते दारात उभे, हातात तो ताव, आणि म्हणतात कसे, "बाई, रखवालदाराकडे कोणी राहायला आलंय का?"

पाहते तर टेबलावर दोन कप! रीतसर रेघ, रीतसर रंग, कानसुद्धा काढलेले. माझा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. म्हटलं, "आणा इकडे, आत्ताच्या आत्ता पुसते." तर म्हणाले, "फोटो घेऊन झाला." मी म्हटलं, "लोकांना दिसेल." "सेकंदाचा चोविसावा हिस्सा, बाई. कोणाला दिसणार?" "तुम्हाला दिसला." तर म्हणाले, "मला दिसायचाच होता."

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाल्यावर कबूल केलं यांनी, की फोटो तेव्हा घेतलाच नव्हता. तो ताव माझ्या डोळ्यांसमोरून परत नेला आणि मग घेतला. वीस वर्षं मी नाहक शरमेने मान खाली घालून काढली.

हे जाऊन तीन वर्षं झाली. घरात यांचे फोटो आहेत, चष्मा आहे, चपला आहेत, जो येतो तो पाहतो. पण त्या एका चित्रात काय आहे ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. आता एकीलाच. त्यामुळे जुनी फीत सापडली आहे, आजी, साफसूफ करून दाखवणार आहोत, तुम्ही याच, असा फोन आला तेव्हा मी म्हटलं, येईन. आणि आरसा पुसायला घेतला.

सभागृहात निवेदक म्हणतो, "आजी, त्या काळी काम करताना कसं वाटायचं?" म्हटलं, "पाठ दुखायची." लोक हसले. लोकांना हसायला काहीही चालतं.

दिवे गेले. पहिलं यान, दुसरं, तिसरं. मला खूण ठाऊक होती: किटलीचं झाकण तीनदा खडखडतं, आणि मग ते चित्र. पहिल्या खडखडाटाला मी डोळे उघडले ते उघडेच ठेवले. पाणी घळाघळा वाहतंय, मागच्या बाई कुजबुजतात, "किती हळव्या आहेत हो." हळवी कसली, अहो, डोळे चुरचुरत होते. दुसरा खडखडाट. तिसरा... आणि ग्रह गरगर फिरला, रखवालदार उलटा, कप डोक्यावर, एक कप, लोकांचा हशा. संपलं. मी पापणी मिटली नव्हती.

मग दिवे लागल्यावर शेजारचे ते गृहस्थ जागे झाले आणि मला झोपाळू ठरवून गेले, ते मघाशी सांगितलंच. पण मला चैन पडेना. फीत साफ करणारी मुलगी दाराशी उभी होती, गुणी पोर, दोन वर्षं एकेक चित्र तपासत बसली होती म्हणे. तिला विचारलं, "चौथ्या यानाच्या वेळी टेबलावर..."

"अय्या आजी, तुम्हाला ठाऊक होतं? तिथे चक्क दोन कप होते! एकाच चित्रात. कोणीतरी वेंधळेपणा केलेला. मी मागच्या चित्रातलं टेबल उचलून तिथे बसवलं. कळतसुद्धा नाही ना?"

जन्मभर मी दुसऱ्यांच्या गुंड्या मोजल्या. त्या मुलीच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते. म्हटलं, "चांगलं केलंस, बाळ. चूक ती चूकच."

ती इतकी खूश झाली की स्वतःचा नंबर लिहून दिला. "आजी, अजून कुठे काही राहिलं असेल तर नक्की कळवा हं, लगेच काढून टाकते."

घरी आले. चारला चहा टाकला, गाळला, आणि टेबलाशी बसून पाहते तर समोर दोन कप. रोजच होतं हे, तीन वर्षं. लेक फोनवर म्हणते, "आई, दुसरा कप कपाटात ठेवून दे बघू." ठेवते की, रोज धुऊन ठेवते, आणि दुपारी हात तो पुन्हा काढतो. चूक आहे, मला दिसतंय, भिंग आहे मी.

पण त्या मुलीला मी काही कळवणार नाही.