कपाटाची अट

— नाही हो काकू, ‘वाचनालयात कधीपासून बसणार’ याचं उत्तर असं उभ्यानं नाही देता यायचं, बसा जरा. इकडे, बाहुल्यांच्या पायऱ्यांशेजारी, इथं पंखा लागतो. मी पण नऊ दिवस इथंच बसते — बघा ना, सगळ्यात वर राजा-राणी, मध्ये दशावतार, खाली वाणी-किराणा, आणि त्याच्याही खाली रेशमी साडीतली मी. मामंजींची युक्ती. दसऱ्याला म्हैसूरकर बाहुल्या बघायला घरोघर फिरतातच, नवी सून बघायला तर वाट वाकडी करून येतात — मग चकलीच्या बशीबरोबर वाचनालयाच्या देणगीचा फॉर्म हातात द्यायचा. मामंजी, म्हणजे पांडुरंगराव, शिक्षक होते ना, कुणी नाही म्हणत नाही त्यांना. निम्मं सरस्वतीपुरम त्यांच्या हातचा मार खाल्लेलं.

वाचनालयाचं गाव अरळीपुरा म्हणजे नंजनगूडच्या रस्त्याला, तासाभराची बस. पंचायतीनं खोली दिलीय. अट एकच, दसरा संपला की वाचनालय रोज उघडं पाहिजे, नाहीतर खोली दूध डेअरीला. आता हा कागद तुम्ही वाचलाच आहे — माझा फोटो, खाली ‘आमच्या प्रशिक्षित सूनबाईंचा अनुभव ग्रंथालयाच्या पाठीशी’. खोटं एक अक्षर नाही हं त्यात! ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र आहे माझं, सांगलीकडच्या आमच्या गावच्या वाचनालयात चार वर्षं बसलेय. पण ‘पाठीशी’ म्हणजे पाठीशीच, काकू. लोक आपले धरून चालले की ही रोज जाणार. मीही धरलं. लग्न ठरताना मामंजी म्हणाले होते, आमच्याकडे तुमच्या शिकण्याचं चीज होईल — झालं की चीज, चकलीच्या बशीशेजारी.

परवा आत चहा ठेवत होते, तेव्हा बाहेर मामंजींचं बोलणं चाललेलं. ‘अल्वो वेंकोबा, घरची सून रोज बसला लोंबकळत जाणार? सुम्ने, उगाच लोक काय बोलतील? ऐत्वारी दोन तास तू उघड, आय्तु, झालं.’ वेंकोबा म्हणजे त्यांचे मावसभाऊ. अक्षर सुरेख आहे त्यांचं. कानांनी ऐकू येत नाही आणि खुर्चीत बसले की पाच मिनिटांत मान छातीवर. रविवारचे दोन तास! म्हणजे खोली डेअरीला गेलीच म्हणायची. ह्यांना विचारलं — शरतना — तर म्हणतात अप्पांना विचार, म्हणजे मामंजींनाच. सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, हे बघ बाळा, मी लग्न होऊन आले तेव्हा मला बँकेत लागलेली नोकरी होती. एवढंच. आणि भाजी निवडत बसल्या. वाईट नाहीत हो कुणी! कुणी दार लावून घेतलेलं नाही. दार उघडंच आहे, बघा ना, सकाळपासून माणसं येतायत — मला तेवढं उठता येत नाही.

एकदा नेलं होतं मला तिकडे, फोटो काढायला. दारात चार बायका उदबत्त्या वळत बसलेल्या. त्यातली एक उठली, बोअरवेलवर हात धुतले, पदराला पुसले आणि मग पुस्तक उचललं. वाचता येत नव्हतं तिला, नुसतं उघडून धरलं. मग म्हणाली, नाळे बर्तीरा — उद्या याल का. मी म्हटलं, बर्तीनी. येते. कन्नडमधलं माझं पहिलं अख्खं वाक्य, काकू, आणि तेही खोटं पडलेलं.

हे का सांगतेय मी तुम्हाला? मराठी बोलणारं कुणी भेटलं की असं होतं बघा... नाही, पेन ठेवू नका खाली! कपाट द्या. तुमच्या सासूबाईंच्या नावानं द्यायचं ठरवून आलात ना, द्याच. मी असं सांगून तुम्हाला परत पाठवलं तर पुस्तकं जमिनीवर राहतील, माझं काय जायचं. पण — फॉर्मवर खाली ‘देणगीदाराची अट’ अशी ओळ आहे. गंमत वाटेल, पण अट मामंजी कधी मोडत नाहीत. येसाजीरावांनी टेबल दिलं ते पूर्वेलाच तोंड करून ठेवायचं म्हणून, तर खिडकी अडली तरी पूर्वेलाच ठेवलंय. कारण रोज संध्याकाळी आरतीनंतर सगळे फॉर्म मोठ्यानं वाचतात, ऐकून दुसऱ्यालाही द्यावंसं वाटावं म्हणून. चारचौघांत वाचलेलं मोडलं तर म्हैसुरातल्या मराठ्यांत तोंड कसं दाखवायचं? तर लिहाल का तुम्ही... ‘ईश्वरी रोज वाचनालयात बसू लागल्यावर कपाट तिच्याच ताब्यात द्यावे.’ माझं नाव दीर्घ ईनं. तुमच्या अक्षरात. मी सांगितलं म्हणून नका लिहू, पटलं तर—

लिहिलंत?

...आरती झालीच वाटतं. काही नाही मामंजी, विजयनगरच्या विभावरीकाकू, कपाट देतायत. हो, फॉर्म भरलाय. घ्या ना. — चष्मा देवघरात राहिला? बसा, तुम्ही नका उठू, मी वाचते. हो, सगळ्यांसमोरच. मोठ्यानं वाचते.

काकू, तुम्ही निघा आता. नाही, थांबू नका माझ्यासाठी. खरंच निघा.