फॉर्मवरचा एक शब्द

जव्हारच्या एसटी स्टँडवर मोखाड्याच्या गाडीची वाट बघताना माझ्या शेजारी एक शिकाऊ समुपदेशक मुलगी आणि तिच्या मॅडम बसल्या होत्या.

"प्रतीक्षा, सकाळचं जोडपं मधूनच का उठून गेलं?"

"लग्नाला किती वर्षं झाली, एवढंच विचारलं मी. नवरा म्हणाला, लग्न राहिलंय अजून."

"इकडे आधी संसार मांडतात, लग्न जमेल तेव्हा करतात. मुलं किती त्यांना?"

"तीन. मी फॉर्मवर अविवाहित लिहिलं."

"त्यांनी वाचलं?"

"बाईंना वाचता येत नाही. लिहिलेलं वाचून दाखवायचं, हे तुम्हीच शिकवलंय."

"मग?"

"बाई उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, वीस वरसं मी तुला सांगते, तेच या पोरीनं एका शब्दात लिवलं."