मालनबाईंची चूल

बेलापूरला कोरोनाची लस घेऊन आम्ही बाकांवर बसलो होतो. माझ्यापुढे खाणावळवाल्या रूथताई आणि त्यांच्याकडे भाकरी करणाऱ्या मालनबाई होत्या.

“मालनबाई, बऱ्या झालात, मग कामावर का येत नाही?”

“आल्ते. चुलीपाशी दुसरी बाई दिसली, तशीच मागं फिरले.”

“अहो, ती माझी नणंद! तुम्ही येईपर्यंत मदतीला आलीय.”

“मंग माझं काम हाय?”

“आहे तर! आजारपणाचा पगारही ठेवलाय, तो तुमच्या हक्काचा.”

“गिऱ्हाईक न्हाई, पगार कुठून काढला?”

“बसायचा गाळा सोडला, भाडं वाचलं. आता घरूनच डबे देते.”

“मला कोरोना झालेला, माझ्या हातचं खातील का लोक?”

“रोज तुम्हालाच विचारतात. नणंद सगळं पीठ एकदम मळून ठेवते, भाकरीला चिरा पडतात.”

“ज्वारीचं पीठ एकदम मळत्यात व्हय? उठा ताई, रातच्या डब्यांआधी पोचू!”