दुखरा गुडघा

अमेरिकेत, शॉमबर्गजवळच्या आयरिश क्लबात मुलांची गेलिक फुटबॉलची मॅच नुकतीच संपली होती. चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं होतं. आजूबाजूला सगळे आयरिशच आहेत, अशी त्यांची समजूत होती.

“आसावरी, सावनी टीमबरोबर आयर्लंडला जाणार नाही. विषय संपला.”

“सिलेक्शन झालंय तिचं, परीक्षित. त्या सगळ्या आयरिश पोरांत आपली एकटी.”

“जाईल गं. परत कशी येईल? पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय. इथे राहायला चालतं, पण बाहेर गेलं की परत यायला नवा शिक्का लागतो. तिकडे स्टॅम्पिंग अडकलं म्हणजे?”

“बारा वर्षांच्या मुलीला कोण अडवतंय?”

“एअरपोर्टवर वय नाही बघत, कागद बघतात.”

“मग कोचना खरं काय ते सांग.”

“हळू बोल. असलं इथे कुणाला सांगतात का?”

“मराठीत बोलतोय आपण.”

“तरी हळू.”

“बरं, काय सांगणारेस?”

“गुडघा दुखतोय तिचा.”

“आत्ता दोन गोल मारले तिने. सगळ्यांनी पाहिलंय.”

“रात्रीत सुजतो गुडघा.”

तेवढ्यात सावनी धावत आली.

“आई, गेस व्हॉट, कोच डेक्लन आयर्लंडला येत नाहीयेत. त्यांची आई तिकडेच असते, वीस वर्षांत भेटले नाहीत, तरी नाही.”

“का गं?”

“ही सेड, गुडघा दुखतोय त्यांचा.”

पलीकडे कोच डेक्लन उड्या मारमारून गोलची जाळी सोडवत होते. परीक्षितने ते पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

“आसावरी, आपण घोटा सांगू.”