फ्राऊंची कपडे वाळवायची दोरी

आमची ही जर्मनीतल्या घरी पोचली ती एका दोरीमुळं. हसू नका, ऐका तर.

हिचं जहाज दुपारी हाम्बुर्गला लागणार होतं. घरमालकीण फ्राऊ, म्हणजे श्रीमती, केलर मला गाडीनं नेणार होत्या, आणि सकाळीच इंजिनाची पुली फुटली. शेडमध्ये दुसरी सापडली, पण जुनीचा बोल्ट फिरवला की इंजिनही सोबत फिरायचं. साध्या गाडीत गिअर टाकला की इंजिन अडतं. ही गाडी पडली ऑटोमॅटिक!

"फ्राऊ, बायको एकटी आहे हो. कुणाशी बोलेल ती?" मी म्हणालो.

बाईंनी ओल्या चादरी उतरवल्या, दोरी सोडली. "इंजिनाचा स्पार्क प्लग काढा, भोकातून ही आत भरा. पिस्टन अडेल, मग इंजिन फिरणार नाही. माझे मिस्टर असंच करायचे."

बोल्ट सुटला, दुसरी पुली बसली. आम्ही वेळेत पोचलो.

दुसऱ्या दिवशी त्याच काजळलेल्या दोरीवर वाळत घातलेल्या हिच्या धुतलेल्या लुगड्यावर काळा पट्टा उमटला. "अहो, फेका ही मेली दोरी!"

"अगं, फ्राऊंच्या या दोरीनंच तुला घरी आणलंय," म्हणत मी सगळं सांगितलं.

ही तडक जाऊन फ्राऊंच्या पायाशी वाकली. बाई गडबडल्या. "काय पडलं हिचं? थांबा, मीही शोधते," म्हणत त्याही खाली वाकल्या.