जुन्या लेन्सा बसणारा कॅमेरा

(हिंगोली, २००१. हरिचंदचं कॅमेरा विक्री-दुरुस्तीचं दुकान. लग्नसराई तोंडावर. लग्नाचे फोटो काढणारे अमृतराव लेक संगिताला घेऊन आलेत.)

अमृतराव : हा न्हाई चालणार. माझ्या जुन्या लेन्सा याला बसतच न्हाईत. तोंडच निराळं हाय याचं.

हरिचंद : अरे बाबा, पर हा नवा हाय. खटका अर्धा दाबला की आपोआप फोकस जुळवतो. एक लेन्स संगंच येते.

संगिता : हाच घेऊ आबा. आपण ठरवलेल्या पैशात बसतो.

अमृतराव : बसतो कसा? बिदाईच्या वक्ताला नवरीच्या डोळ्यातलं पाणी मी मंडपाच्या दारातून टिपतो. त्याला लांबची लेन्स लागते. माझी याला बसत न्हाई, अन् याची घ्यायची ऐपत न्हाई. मंग काय नवरीच्या नाकाजवळ जाऊन उभा राहू? बाप काठी घेऊन येईल तिचा.

हरिचंद : मंग हा बघ, सेकंडहँड. बाहेरून घासलाय, आतून बराबर हाय. तुझ्या तिन्ही लेन्सा बसतात. पर फोकस हातानंच जुळवावा लागंल.

अमृतराव : हातानंच जुळवत आलो की जिंदगीभर! मशीननं जुळवायचं तर मी लग्नात काय पंगतीला बसू?

संगिता : काका, तुमी सांगा ना आबांना.

हरिचंद : खरं सांगू, अमृतराव? तुझा जुना कॅमेरा मी पुरा खोलून बघितला. त्यात मला खोट सापडली न्हाई.

अमृतराव : खोट न्हाई तर हट्टा गावच्या लग्नाचे सगळे फोटो अंधुक काहून आले? नवरीची माय अल्बमवर बोट फिरवून मलाच इचारून राहिली, 'भाऊ, यातली माझी पोरगी कोणती?' लाजंनं मेलो मी हरिचंद. चहा ठेवला व्हता पुढं, तसाच सोडून उठलो.

संगिता : जाऊ द्या ना आबा.

अमृतराव : जाऊ कसं द्यावं? सोमवारी नरशी गावात लग्न हाय. तिथं बी तसंच झालं तर कोणी दारात उभं करणार न्हाई. मला दुसरं येतं काय? आण तो सेकंडहँड इकडं. संगे, जा, रस्त्याच्या पल्याड उभी राह्य. रसवंतीपाशी. तुझ्यावर जुळवून बघतो.

संगिता : आबा, ऊन...

अमृतराव : नवरी उन्हात उभी राहते, तुला काय झालं? जा.

हरिचंद : गेली बिचारी. तू पोरीला लई दामटतो.

अमृतराव : दामटतो कुठं? तिची माय गेल्यापासून माझ्यासंगं मंडपामंडपात हिंडून राहिली ती. रोल भरती, दिवा धरती. कॉलेजच्या पोरी हसतात म्हणं. एकदा तरी बोलली का? आता ही जीप कोण आणून घातली मधी?

हरिचंद : सेनगावची हाय. शिटा भरून राहिले.

अमृतराव : गेली एकदाची. हां, दिसली. थांब, हलू नको पोरी.

हरिचंद : अमृतराव...

अमृतराव : बोलू नको रे, हात हलतो. पिवळी ओढणी झकास दिसून राहिली. मान बघ कशी तिरपी धरली, थेट मायवाणी. माय बी अशीच उभी राहायची. जरा डावीकडं... हां. जुळलं! मारला खटका. कोण म्हणतं अमृतरावाचा हात गेला?

संगिता : आबा.

अमृतराव : आं?

संगिता : मी हितं हाय. तुमच्या मागं. जीप आली तवाच माघारी आले.

अमृतराव : मंग पल्याड कोण हाय?

हरिचंद : कोणी न्हाई. रसवंतीवाल्यानं पिवळं कापड बांधलंय, उन्हासाठी. वाऱ्यानं हलून राहिलं.

अमृतराव : कापड?

हरिचंद : बस जरा. पाणी पी.

अमृतराव : मान तिरपी दिसली रे मला. खरंच दिसली.

संगिता : म्हणूनच म्हणते आबा, आपोआप जुळवणारा घेऊ. तुमी नुस्ता खटका दाबायचा. कोणाला कळणार बी न्हाई.

अमृतराव : तो जुळवंल गं. पर त्या कापडावर बी इतकाच सुरेख जुळवंल. नवरी कोणती अन् मांडवाचा पडदा कोणता, हे त्याला थोडंच ठाव असतं?

हरिचंद : डॉक्टरला दाखवलं का?

अमृतराव : दिवाळीतच. रोल आणायला चाललो म्हणून नांदेडला गेलो व्हतो. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला म्हणले. गेलं ते माघारी येत न्हाई. संगीला सांगितलं न्हाई मी.

संगिता : मला ठाव व्हतं.

अमृतराव : कोण सांगितलं?

संगिता : कोणी न्हाई. आधी फोटो धुऊन आले की तुमी मला शिकवत व्हता, ह्याचं हे चुकलं, त्याचं ते. दिवाळीपासून नुस्तं इचारता, 'कशे आले?'

हरिचंद : मी काल तुझ्या जुन्या कॅमेऱ्यात रोल टाकून चार फोटो काढले. हे बघ.

अमृतराव : कशे आले?

संगिता : समोरच्या दुकानाची पाटी आली आबा. अक्षर न् अक्षर वाचता येतं.

अमृतराव : म्हणजे तो चांगला हाय. मी उगंच त्याच्यावर आळ घेतला.

हरिचंद : नवा काहीच घेऊ नको. मला गिऱ्हाईक मिळंल दुसरं.

अमृतराव : न्हाई घेत. संगे, नरशीला तू काढशील?

संगिता : आबा, मला न्हाई जमणार. लोक काय म्हणतील, पोरगी...

अमृतराव : म्हणू दे. मी मंडपात खुर्ची टाकून बसीन. माझ्या आवाजानं लोक गप उभे राहतात, तेवढं मला अजून येतं. रडू नको. रडलीस तर तुला बी अंधुक दिसंल.

संगिता : तुमी रडून राहिले की.

अमृतराव : मला काय फरक पडतो आता? हरिचंद, माझा कॅमेरा दे हिच्याजवळ. अन् पट्टा तेवढा आखूड कर बाबा, हिच्या गळ्यात लई खाली लोंबतो.

हरिचंद : हे घे. बराबर झालं? नवा रोल बी भरलाय यात.

संगिता : आबा, तुमचा काढू? तुमचा एक बी फोटो न्हाई घरात. सगळ्यांचे तुमीच काढले.

अमृतराव : काढ. पर बघू कुठं, तेवढं सांग.